भाषा येते, पण शिकवता येते का? अमेरिकेतल्या शाळांना भाषेचे शिक्षक का मिळत नाहीत?

एखाद्याची मातृभाषा स्पॅनिश आहे. शिक्षण चांगलं झालंय, मुलांशी पटकन जमतं आणि जवळच्याच सरकारी शाळेत स्पॅनिशच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे. तरीही अमेरिकेत या माणसाला उद्यापासून वर्गावर जाता येत नाही. आधी पदवी, मग शिक्षणशास्त्राचे कोर्स, शाळेत सराव, भाषेची परीक्षा, बोटांचे ठसे आणि शेवटी राज्याचं लायसन्स, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

दुसरीकडे शाळांना माणसं मिळत नाहीत. अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेने २०१७ मध्ये देशातल्या भाषाशिक्षणावर एक अहवाल काढला. त्यानुसार ४४ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी यांना पुरेसे पात्र भाषाशिक्षक मिळत नव्हते. त्याच वर्षीच्या एका देशव्यापी पाहणीत शाळकरी मुलांपैकी साधारण २० टक्केच मुलं इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकत असल्याचं दिसलं.

स्थलांतरितांचा देश, शेकडो भाषा बोलणारी माणसं, आणि तरी भाषेचे शिक्षक नाहीत. असं का होतं? हे शिक्षक निवडतं कोण, त्यांना तयार कोण करतं आणि ‘तू शिकवू शकतोस’ असा शिक्का कोण मारतं?

‘फॉरेन लँग्वेज’चं ‘वर्ल्ड लँग्वेज’ का झालं?

आपल्याकडे ज्याला परकीय भाषा म्हणतात, त्याला अमेरिकेतल्या शाळा आता बहुतेक ठिकाणी ‘वर्ल्ड लँग्वेज’ म्हणजे जागतिक भाषा म्हणतात. कारण साधं आहे. अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात. त्यांच्या मुलांना ‘ही परदेशी भाषा’ असं कसं सांगणार? नवाहो किंवा चेरोकी या भाषा तर इंग्रजीच्या आधीपासून त्या जमिनीवर बोलल्या जातात. मूकबधिरांची अमेरिकन साइन लँग्वेजही अनेक राज्यांत याच विषयात मोडते.

पण एकेकाळी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा शिकवणं हा गुन्हा होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनविरोधी वातावरणात नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा केला, की आठवी पास होण्याआधी मुलांना परकीय भाषा शिकवायची नाही. रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकाने एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन शिकवलं म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला. तो सुप्रीम कोर्टात गेला आणि १९२३ मध्ये कोर्टाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. ‘मेयर विरुद्ध नेब्रास्का’ हा खटला आजही अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

पुढे वारं उलटं फिरलं. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडला आणि अमेरिकेला धक्का बसला. १९५८ च्या ‘नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट’ने विज्ञान आणि गणिताबरोबर परकीय भाषांसाठीही पैसा दिला आणि भाषाशिक्षकांची प्रशिक्षणं सुरू झाली. तेव्हापासून एक गोष्ट वारंवार दिसते. देशाला धोका वाटला की भाषांना पैसा मिळतो आणि धोका विसरला गेला की तो आटतो.

लायसन्स कोण देतं?

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. त्यामुळे तो विषय राज्यांकडे गेला. परिणाम असा, की शिक्षकाचं देशभर चालणारं एक लायसन्स नाही. टेक्सासची परीक्षा वेगळी, कॅलिफोर्नियाची वेगळी, न्यू जर्सीचे नियम वेगळे. राज्यांमध्ये आपसांत करार आहेत, पण त्याचा अर्थ ‘तुमच्या कागदपत्रांचा विचार करू’ एवढाच. राज्य बदललं की अनेकदा एखादी परीक्षा किंवा कोर्स नव्याने करावा लागतो.

तपशील वेगळे असले तरी सांगाडा सगळीकडे सारखा आहे.

पहिली पायरी पदवीची. चार वर्षांची पदवी आणि त्यात त्या भाषेचा सखोल अभ्यास.

दुसरी पायरी शिक्षणशास्त्राची. मुलांचं मानसशास्त्र, अपंग आणि विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणं, दुसरी भाषा माणूस कशी आत्मसात करतो, आणि भाषा शिकवण्याच्या पद्धती.

तिसरी पायरी वर्गातल्या सरावाची. अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली साधारण एक सत्र प्रत्यक्ष शिकवावं लागतं. बहुतेक ठिकाणी या कामाचा पगार मिळत नाही, उलट त्या सत्राची फी भरावी लागते.

चौथी पायरी परीक्षेची. अनेक राज्यं ‘प्रॅक्सिस’ नावाची परीक्षा घेतात. त्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं आणि त्या भाषेची संस्कृती हे सगळं तपासलं जातं. काही राज्यांनी ‘एडटीपीए’ नावाची चाचणीही सक्तीची केली होती. त्यात उमेदवाराने स्वतःच्या वर्गाचा व्हिडिओ आणि धड्याचं टाचण पाठवायचं आणि त्यावर गुण मिळवायचे. खर्च आणि कटकट जास्त, शिवाय शिक्षकांचा तुटवडा, म्हणून न्यूयॉर्क, न्यू जर्सी, जॉर्जिया, वॉशिंग्टन अशा राज्यांनी २०२० नंतर ती सक्ती काढून टाकली.

शेवटी पोलीस तपासणी आणि बोटांचे ठसे. मग लायसन्स. बहुतेक राज्यांत तेही कायमचं नसतं, ठरावीक वर्षांनी नवं करावं लागतं.

‘भाषा येते’ म्हणजे नेमकं किती येते?

या सगळ्यातला सगळ्यात वेगळा भाग म्हणजे बोलण्याची परीक्षा. १९६७ मध्ये स्थापन झालेली ‘अ‍ॅक्टफल’ ही अमेरिकेतल्या भाषाशिक्षकांची प्रमुख संस्था. तिने १९८० च्या दशकात भाषा किती येते हे मोजायची एक शिडी तयार केली. नोव्हिस, इंटरमीजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड, सुपीरियर आणि नंतर जोडलेली डिस्टिंग्विश्ड अशा पाच पातळ्या. पहिल्या तीन पातळ्यांचे पुन्हा लो, मिड आणि हाय असे तीन-तीन भाग.

परीक्षा म्हणजे बहुतेक वेळा फोनवरची १५ ते ३० मिनिटांची मुलाखत. पाठ केलेली उत्तरं इथे चालत नाहीत, कारण परीक्षक प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न काढतो. उमेदवार जिथे अडखळायला लागतो, तिथे त्याची वरची मर्यादा सापडते.

शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजांसाठीच्या मानकांनुसार स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन यांच्या भावी शिक्षकांना निदान ‘अ‍ॅडव्हान्स्ड लो’ गाठावं लागतं. अनेक राज्यांनीही हीच पातळी धरली आहे. म्हणजे काय? भूतकाळ, वर्तमान, भविष्य तिन्ही काळांत सलग गोष्ट सांगता आली पाहिजे. सुटी वाक्यं नकोत, परिच्छेदात बोलता आलं पाहिजे. हॉटेलात पोहोचलो आणि बुकिंगच सापडत नाही, अशा अवचित अडचणीतून बोलून मार्ग काढता आला पाहिजे.

अरबी, चिनी, जपानी आणि कोरियन यांच्यासाठी मात्र एक पायरी खाली, म्हणजे ‘इंटरमीजिएट हाय’ चालतं. ही मेहेरबानी नाही, हिशेब आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला कामापुरती फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकायला साधारण ६०० ते ७५० तास लागतात असं धरते. हिंदीसाठी साधारण १,१०० तास. आणि चिनी, अरबी, जपानी, कोरियनसाठी तब्बल २,२०० तास.

मग मातृभाषक का चालत नाही?

‘ज्याची भाषा, त्यालाच शिकवू द्या’ हा विचार ऐकायला बरोबर वाटतो. पण मराठीचंच उदाहरण घेऊन बघा. ‘मी आंबा खाल्ला’ म्हणतो, मग ‘मी घरी गेलो’ का? पहिल्या वाक्यात क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं आणि दुसऱ्यात ‘मी’प्रमाणे. पोळी असेल तर ‘मी पोळी खाल्ली’, बोलणारा बाई असो की बुवा. हे प्रत्येक मराठी माणूस न चुकता करतो, पण का करतो ते सांगा म्हटलं की बहुतेकांची दांडी उडते. आपोआप आलेली भाषा आणि शिकवण्यासाठी उलगडलेली भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय पद्धतीचा प्रश्न आहे. व्याकरणाचे नियम फळ्यावर लिहायचे आणि भाषांतर करून घ्यायचं, ही जुनी रीत अमेरिकेत अधिकृतपणे मागे पडली आहे. अ‍ॅक्टफलची २०१० पासूनची शिफारस अशी, की वर्गातला ९० टक्के किंवा जास्त वेळ तीच भाषा बोलली जावी, अगदी पहिल्या वर्षीसुद्धा. ज्या मुलांना एक शब्दही येत नाही, त्यांच्याशी तासभर फक्त फ्रेंचमध्ये बोलायचं आणि तरी त्यांना कळेल असं बोलायचं. त्यासाठी हावभाव, चित्रं, वस्तू, ओळखीचे शब्द पुन्हा पुन्हा वापरणं हे सगळं लागतं. हे कसब अस्खलित बोलणाऱ्यालाही शिकावंच लागतं.

इतकं करून तुटवडा का?

एक कारण साखळीचं आहे. भाषेचा शिक्षक होण्यासाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड लो’ लागतं. कॉलेजच्या चार वर्षांत शून्यापासून तिथे पोहोचणं फार अवघड आहे. म्हणजे सुरुवात शाळेत व्हायला हवी. पण शाळेत शिक्षक नाही, म्हणून वर्ग नाही. वर्ग नाही, म्हणून कॉलेजात भाषा घेणारे कमी. ते कमी, म्हणून पुढचे शिक्षक कमी. ही साखळी कुठूनही तुटली तरी फटका सगळीकडे बसतो.

आणि ती कॉलेजच्या टोकाला तुटतेच आहे. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या मोजणीनुसार २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत अमेरिकन कॉलेजांत इंग्रजीखेरीज इतर भाषा घेणाऱ्यांची संख्या १६.६ टक्क्यांनी घटली. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीने पैशाचं कारण देत आपला जागतिक भाषांचा विभागच बंद करायचं ठरवलं. विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं, देशभर चर्चा झाली, शेवटी स्पॅनिश आणि चिनीचे थोडे वर्ग उरले. एका राज्याच्या मुख्य विद्यापीठातून भाषेच्या पदव्या गेल्या, की त्या राज्यातल्या शाळांना शिक्षक पुरवणारा मोठा झरा आटतो.

दुसरं कारण पैशाचं. नॅशनल एज्युकेशन असोसिएशन या शिक्षक संघटनेच्या आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये नव्या शिक्षकाचा सरासरी वार्षिक पगार साधारण ४६,५०० डॉलर होता. दोन भाषा अस्खलित बोलणाऱ्या माणसाला कंपन्या, हॉस्पिटलं, कोर्टातलं दुभाष्याचं काम असे इतर पर्याय असतात. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल तर ओढा तिकडेच जातो.

केंद्र सरकारने यावर ‘टीच ग्रँट’ काढली. तुटवड्याच्या विषयांत परकीय भाषाही आहे. शिकताना वर्षाला कमाल ४,००० डॉलर मिळतात. अट अशी, की शिक्षण संपल्यावर आठ वर्षांच्या आत चार वर्षं गरीब वस्तीतल्या शाळेत शिकवायचं. अट मोडली तर ही मदत कर्जात बदलते, व्याजासकट.

परदेशातून शिक्षक आणले तर?

आणतात. लुइझियाना राज्याची गोष्ट यात बरीच जुनी. तिथे फ्रेंच ही घराघरांतली भाषा होती. पण १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत फक्त इंग्रजी ठेवली आणि फ्रेंच बोललं म्हणून मुलांना शिक्षा होऊ लागल्या. दोन पिढ्यांत भाषा घरातून गेली. १९६८ मध्ये राज्याला जाग आली आणि फ्रेंच वाचवण्यासाठी ‘कोडोफिल’ ही सरकारी संस्था स्थापन झाली. पण शिकवायला स्थानिक शिक्षकच उरले नव्हते. मग फ्रान्स, बेल्जियम आणि कॅनडातून शिक्षक बोलावले. सुरुवातीला आलेल्यांत लष्करी सेवेच्या बदल्यात शिकवायला आलेले फ्रेंच तरुणही होते. स्वतःची भाषा शाळेतून हाकलली आणि नंतर तीच शिकवायला माणसं बाहेरून आणावी लागली.

आज परदेशी शिक्षक बहुतेक करून ‘जे-१’ या व्हिसावर येतात. मायदेशातली पदवी, किमान दोन वर्षांचा अनुभव आणि चांगलं इंग्रजी हवं. मुदत तीन वर्षं, वाढवून जास्तीत जास्त पाच. नंतर परत जायचं, आणि पुन्हा याच मार्गाने यायचं तर आधी दोन वर्षं अमेरिकेबाहेर राहायचं. स्पेनचं सरकार अनेक वर्षांपासून असे शिक्षक पाठवतं. युटा राज्याने २००८ मध्ये कायदा करून अर्धा दिवस इंग्रजी आणि अर्धा दिवस दुसरी भाषा अशा शाळा उभ्या केल्या, त्यांनाही चीन, फ्रान्स, स्पेन अशा देशांतल्या शिक्षकांचा आधार मिळाला.

पण उसनवारीचे धोके असतात. शिक्षक रुळतो, मुलांना लळा लागतो आणि मुदत संपते. शाळा पुन्हा शून्यावर. दुसरा धोका राजकारणाचा. चीन सरकारच्या कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट अमेरिकन कॉलेजांत साधारण १०० होत्या आणि त्यांच्यामार्फत चिनी शिकवणारी माणसं येत. दोन्ही देशांचे संबंध बिघडले, अमेरिकेने निधीच्या अटी कडक केल्या आणि काही वर्षांत ही संख्या पाचाच्या आत आली.

दुसरा मार्ग ‘एच-१बी’ व्हिसाचा. त्यावर जास्त काळ राहता येतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून नव्याने येणाऱ्यांच्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर शुल्क जाहीर झालं. आयटी कंपन्यांची चर्चा खूप झाली, पण फटका शाळांनाही आहे. ज्या शिक्षकाचा वर्षाचा पगार ५०-६० हजार डॉलर, त्याला आणायला १ लाख डॉलर कुठली शाळा भरणार?

ज्या भाषेची परीक्षाच नाही, तिचं काय?

लायसन्ससाठी परीक्षा लागते. परीक्षा तयार करायला खर्च येतो. उमेदवार कमी असतील तर ती कोणी तयार करत नाही. परीक्षा नाही म्हणून लायसन्स नाही आणि लायसन्स नाही म्हणून सरकारी शाळेत ती भाषा नाही. लहान भाषांची ही खरी कोंडी आहे. कॅलिफोर्नियात पंजाबीची शिक्षक परीक्षा आहे, कारण तिथल्या शेतीच्या पट्ट्यात शतकभरापासून पंजाबी वस्ती आहे.

यावरचं सगळ्यात धाडसी उत्तर मूळ रहिवासी जमातींनी काढलं. एखादी भाषा अस्खलित बोलणारी माणसं फक्त म्हाताऱ्या पिढीत उरली आहेत, त्यांच्याकडे पदवी नाही. त्यांना बी.ए. करायला पाठवायचं का? मोंटाना राज्यात यासाठी ‘क्लास ७’ नावाचं वेगळं लायसन्स आहे. भाषा येते की नाही हे जमात ठरवते आणि तिच्या शब्दावर राज्य लायसन्स देतं. वॉशिंग्टन राज्यातही अशीच सोय आहे. शिक्का राज्याचा, पण निवाडा ज्यांची भाषा त्यांचा.

हिंदी आणि मराठी कुठे आहेत?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने काही भाषा ‘सुरक्षेसाठी महत्त्वाच्या’ ठरवल्या. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टारटॉक’ योजनेत अरबी, चिनी यांच्याबरोबर हिंदी आणि उर्दूही आल्या. उन्हाळ्यात मुलांची शिबिरं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण, दोन्हींना पैसा मिळाला. ह्युस्टनच्या बेलेअर हायस्कूलसारख्या काही सरकारी शाळांत हिंदी शिकवली जाते.

मराठीचं काम मुख्यतः शनिवार-रविवारच्या शाळांत चालतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली अनेक शहरांत मराठी शाळा भरतात. पुण्याच्या भारती विद्यापीठाशी जोडलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांनी उभ्या केल्या आहेत. शिकवणारे बहुतेक पालक, म्हणजे आठवडाभर नोकरी करून सुट्टीच्या दिवशी ‘क कमळाचा’ शिकवणारे स्वयंसेवक.

त्यांच्यासाठी एक दार किलकिलं झालंय. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये ‘सील ऑफ बायलिटरसी’चा कायदा केला आणि नंतर जवळपास सगळ्या राज्यांनी तो कित्ता गिरवला. दोन भाषा चांगल्या येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हायस्कूल डिप्लोमावर तसा शिक्का मिळतो. भाषा कुठे शिकलात हे महत्त्वाचं नाही, किती येते हे महत्त्वाचं. घरी आजीकडून शिकलेली भाषाही चालते. फक्त राज्याला मान्य असेल अशा पद्धतीने ती तपासता आली पाहिजे.

भारतातून जाऊन शिकवायचं असेल तर?

आधी पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. इथे एक अडचण कायम येते. आपली जुनी बी.ए. तीन वर्षांची आणि अमेरिकेची पदवी चार वर्षांची. त्यामुळे नुसती बी.ए. अनेकदा अपुरी ठरते. बी.एड. किंवा एम.ए. जोडीला असेल तर मार्ग सोपा होतो. त्यानंतर ज्या राज्यात जायचं त्याचे नियम बघावे लागतात, कारण एका राज्याचं उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही. व्हिसा मिळाला म्हणजे लायसन्स मिळालं असंही नसतं. दोन्ही खिडक्या वेगळ्या. एजंट ‘सगळं आमच्याकडे’ म्हणत मोठी रक्कम मागत असेल, तर शाळेच्या स्कूल डिस्ट्रिक्टशी आणि राज्याच्या शिक्षण खात्याशी स्वतः खात्री करून घेणं शहाणपणाचं.

मग उपाय काय?

राज्यं सध्या दोन दिशांनी ओढली जात आहेत. एकीकडे अटी सैल करायच्या. पदवीधर मातृभाषकाला तात्पुरतं लायसन्स द्यायचं आणि शिकवता शिकवता शिक्षणशास्त्र शिकू द्यायचं. न्यू जर्सीने असा पर्यायी मार्ग १९८० च्या दशकातच सुरू केला होता. दुसरीकडे दर्जा राखायचा, कारण अर्धवट तयारीचा शिक्षक वर्गात टिकत नाही आणि मुलं भाषा सोडून देतात.

या दोन्हींच्या मधला रस्ता अनेक जिल्हे धरत आहेत. बाहेर शोधण्याऐवजी घरातले बघा. शाळेत मदतनीस म्हणून काम करणारी, घरी दुसरी भाषा बोलणारी माणसं आधीच आहेत. त्यांची फी भरा, सराव काळात पगार द्या आणि त्यांना शिक्षक करा. ती माणसं त्याच गावची असतात, व्हिसा संपला म्हणून जात नाहीत आणि मुलांच्या घरची भाषा त्यांना मुळातूनच येते.

नेब्रास्कात शंभर वर्षांपूर्वी दुसरी भाषा शिकवली म्हणून शिक्षकाला दंड झाला होता. आज ती शिकवायला शिक्षक मिळत नाही म्हणून वर्ग बंद पडतात. कारण बदललं, पण त्या बाकावर बसलेल्या मुलाच्या हाती येणारी भाषा दोन्ही वेळा एकच राहते, इंग्रजी.